समक्ष नोंद

सरत्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यातील पहिल्या बुधवारी, दुपारी तीन वाजता, नदीकाठच्या एका लहानशा मानसोपचार केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या आणि म्हणूनच येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची पावले जिला तोंडपाठ झाली होती अशा खोलीत, त्या खोलीची धनीण असलेली समुपदेशिका आपल्याच हातच्या एका वाक्यासमोर आरोपीसारखी बसली होती.

वाक्य असे होते: ‘पत्नीशी संवाद वाढला आहे, ही प्रगती उत्साहवर्धक आहे.’

वाक्य नेटके होते. त्यात दोष एवढाच होता की ज्या गृहस्थांच्या फाइलीत ते जाऊन बसले होते, त्यांची पत्नी निवर्तून तीन वर्षे उलटली होती. आणि ते गृहस्थ त्या घडीला टेबलापलीकडे बसून, हातात त्या नोंदीची प्रत आणि लाल पेन्सिल घेऊन, घसा खाकरत होते.

केंद्रात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्या समुपदेशिकेला ताई म्हणत. ताई ऐकण्यात पटाईत होती. माणूस बोलतो ते कोणालाही ऐकू येते. बोलता बोलता तो जे गिळतो ते तिला ऐकू येई. परंतु केंद्राचा कारभार ऐकण्यावर चालत नव्हता, लिहिण्यावर चालत होता. प्रत्येक बैठकीची नोंद आधी संगणकात करायची, तिचाच गोषवारा उपचारांच्या फॉर्मात उतरवायचा आणि तोच गोषवारा पुन्हा जाड पुठ्ठ्याच्या निळ्या रजिस्टरात लिहायचा, असा एकेका दुःखाला तीन तीनदा जन्म घ्यावा लागे. रकाने तर असे की मनःस्थिती वेगळी, भावस्थिती वेगळी. आणि या दोहोंत फरक काय असे कोणी विचारलेच, तर मोठे डॉक्टरसुद्धा खिडकीबाहेर पाहू लागत.

दिवसभर माणसे एकामागून एक आत येत, त्यामुळे लिहिणे घरी जाई. नवरा फिरतीच्या नोकरीवर, घरात ती आणि सासूबाई अशा दोघीच. जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी लॅपटॉप मांडला जाई आणि ताटे निघून गेली तरी तो हलत नसे. दिवसभर परक्यांचे ऐकून ऐकून ताईचे कान असे बोथट झाले होते की एकदा सासूबाई म्हणाल्या, “गुडघा फार ठणकतोय गं,” तेव्हा पडद्यावरून नजर न उचलता तिने विचारले, “असं होतं तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटतं?”

“गुडघा ठणकतोय असं वाटतं,” सासूबाई म्हणाल्या. “दुसरं काय वाटायचं असतं?”

हा संवाद ऐकायला ताईचा पाठचा भाऊ हजर होता. त्याचे फरशांचे दुकान होते, आणि दुकानाची व्यवस्था पाहणारा माणूस सोडून जाणार होता. भावाने ती संधी साधली.

“ताई, तू माझ्या दुकानात ये. फरशा रडत नाहीत. फार तर फुटतात, आणि फुटली की एका ओळीत लिहायचं, ‘फुटली’. का फुटली, लहानपणी तिला कोणी काय बोललं होतं का, असलं काही कोणी विचारत नाही.”

“चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा नाही. महिनाअखेरच्या रविवारी येतो. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण ‘बघू’ म्हणू नकोस. तुझ्या ‘बघू’ची मला लहानपणापासून धास्ती आहे.”

ताई ‘बघू’ म्हणाली नाही. पण दुकानातील काचेच्या दारामागची ती शांत खुर्ची तिने मनातल्या मनात पुसून ठेवली होती, हे खरे. ज्या कामावर आपला जीव आहे तेच काम आपला जीव खाते आहे, हे कळायला समुपदेशकाचीच गरज पडावी असे नाही.

अशा नाकी नऊ आलेल्या माणसाने जे करावे तेच तिने केले होते. कसलेला शिंपी तयार कॉलर शिवून ठेवतो आणि येईल त्या सदऱ्याला लावतो, तशी तिने काही वाक्ये तयार करून ठेवली होती. ‘झोपेत किंचित सुधारणा.’ ‘रुग्ण सहकार्य करतो.’ ‘पत्नीशी संवाद वाढला आहे.’ हे शेवटचे वाक्य मुळात दुसऱ्या एका माणसासाठी जन्माला आले होते. ते उचलताना तिचा हात घसरला, आणि कॉलर भलत्याच मानेला बसली.

मानही अशी की कोणत्याही कॉलरविरुद्ध दाद मागणारी. टेबलापलीकडचे गृहस्थ निवृत्त न्यायाधीश होते. झोप उडाली म्हणून लेकीने त्यांना केंद्रात आणून बसवले, तेव्हापासून ते दर बुधवारी नेमाने येत आणि आपल्याला काहीही झालेले नाही असा युक्तिवाद करून घरी जात. केंद्रातील लोकांनी त्यांचे नाव हरकतसाहेब ठेवले होते. आपली फाइल वाचायला मागण्याचा हक्क केंद्राने येणाऱ्या प्रत्येकाला दिला होता, तो कोणीही बजावणार नाही या भरवशावर. हरकतसाहेबांनी तो बजावला. त्यांनी लेखी तक्रार केली असती, तर नोकरी जाऊन भावाला द्यायचे उत्तर ताईच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी देऊन टाकले असते.

“पान पहिलं,” हरकतसाहेब म्हणाले. “‘रुग्ण सहकार्य करतो.’ केव्हा?”

“म्हणजे?”

“मी सहकार्य केव्हा केलं ते सांगा. माझ्या आठवणीप्रमाणे मी पहिल्या दिवसापासून विरोध करतोय.”

“तुम्ही वेळेवर येता.”

“ती शिस्त झाली.” लाल पेन्सिल कागदावरून सरकली. “‘नजरेला नजर देऊन बोलतो.’ माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बाई. फार तर अर्धी नजर लिहा. पुढे. ‘भूक ठीक.’ हे ठीक कोणी ठरवलं?”

“तुम्हीच म्हणालात, ठीक आहे.”

“खिडकी लावू का असं तुम्ही विचारलंत, त्यावर म्हणालो होतो.”

ताईला हसूही येत होते आणि धास्तीही वाटत होती; दोन्ही एकाच वेळी वाटण्याला रकान्यात जागा नव्हती. पेन्सिल दुसऱ्या पानावर गेली आणि थांबली. हरकतसाहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. त्यांचा आवाज एकाएकी कोर्टातून घरी आल्यासारखा झाला.

“‘पत्नीशी संवाद वाढला आहे.’ माझा प्रश्न एवढाच आहे, बाई. हे तुम्हाला कळलं कसं?”

ताईच्या ध्यानात आले की आपल्यापुढे दार आयते उघडून मिळाले आहे. ‘कळतं आम्हाला’ एवढे दोन शब्द मंदस्मित करून उच्चारले असते, तर तक्रार तर टळलीच असती, वर अंतर्ज्ञानाची कीर्तीही पदरात पडली असती. तिने तोंड उघडले, आणि त्यातून भलतेच बाहेर पडले.

“मला काही कळलं नव्हतं. ते वाक्य तुमचं नाही. दुसऱ्याच्या नोंदीतून चुकून इकडे आलं. माझं लिहायचं फार तुंबलंय, म्हणून मी तयार वाक्यं वापरते. चूक माझी आहे.”

“दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या?”

“ते सांगता येणार नाही.”

“बरोबर. सांगितलं असतंत तर मी उठून गेलो असतो.” हरकतसाहेबांनी पेन्सिल त्या ओळीवर टेकवली. “म्हणजे चुकीच्या फाइलीत, चुकीच्या हाताने, खरी गोष्ट लिहिली गेली. माझ्या उभ्या नोकरीत असला पुरावा माझ्यापुढे आला नाही.”

“म्हणजे तुम्ही त्यांच्याशी...”

“सकाळी पेपर वाचताना बोलतो. समोरच्या खुर्चीशी. आता हे वेडाचं लक्षण असेल तर लिहून मोकळ्या व्हा.”

“वेडाचं नाही. काय बोलता?”

एवढ्या बुधवारांत जे झाले नव्हते ते मग झाले: हरकतसाहेब प्रश्नाला उत्तर देऊ लागले. “मी कोर्टात निकाल द्यायचो आणि संध्याकाळी घरी त्यावर अपील चालायचं. स्वयंपाकघरात. ती भांडी विसळता विसळता विचारायची, आज कोणाला काय दिलंत? मी सांगायचो. ती म्हणायची, त्या बाईची बाजू ऐकलीत का नीट? मी म्हणायचो, तुला कायद्यातलं काय कळतं? ती म्हणायची, कायद्यातलं नाही, बायकांतलं कळतं. बऱ्याचदा तिचंच बरोबर असायचं. हे मी तिला कधी कळू दिलं नाही.”

“आणि आता?”

“आता हरकत घ्यायला कोणी नाही. मुलीला काहीही सांगा, ती ‘हो बाबा’ म्हणते. ‘हो बाबा’ हे काय उत्तर झालं? पेपर उघडायचा, जगातल्या सगळ्यांचे निकाल लावायचे, आणि समोरून चकार शब्द नाही. सगळे निकाल एकतर्फी.” त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. “एकतर्फी निकाल देऊन झोप कोणाला लागते, बाई?”

न बोलण्याची वेळ ओळखणे हा तिच्या विद्येचा अर्धा भाग होता आणि त्यासाठीही रकाना नव्हता.

हरकतसाहेबांनी पुन्हा पेन्सिल उचलली. माणूस मूळपदावर आला. “तर आता यापुढे माझी नोंद माझ्यासमोर लिहायची. बैठकीच्या शेवटी, इथेच. मी हरकती घेईन, तुम्ही उत्तर द्यायचं. जे टिकेल तेवढंच राहील.”

“त्यात बैठकीचा वेळ जाईल.”

“जाऊ दे. तसाही तो मी वाद घालण्यातच घालवतो.”

ताईने पडदा दोघांना दिसेल असा वळवला आणि लिहू लागली. ‘झोप कमी. पत्नीच्या निधनानंतर घरात विरोध करणारे कोणी उरले नाही, ही मुख्य तक्रार. रोज सकाळी तिच्याशी बोलतात. ही गोष्ट आजवर लपवत होते.’

“हरकत,” साहेब म्हणाले. “‘लपवत होते’ नाही. ‘सांगितली नव्हती’ असं लिहा.”

ताईने त्यांच्याकडे पाहिले. “हरकत फेटाळली. लपवत होतात.”

हरकतसाहेबांच्या चेहऱ्यावर असे काही समाधान पसरले की जणू वर्षानुवर्षे बंद असलेले वरचे न्यायालय कोणीतरी झाडून पुसून पुन्हा उघडले होते. “असं म्हणता?” ते म्हणाले. “बरं. राहू दे.”

त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी ताईने शिल्लक कामावरून नजर फिरवली, तेव्हा केंद्रातील सर्वांत किचकट माणसाची नोंद सर्वांत आधी पूर्ण झालेली तिला आढळली. माणसासमोरच नोंद लिहिण्याचा जो प्रयोग करायला ती वर्षभर कोणाची तरी परवानगी शोधत होती, तो एका वादखोर म्हाताऱ्याने तिच्याकडून दमदाटी करून करून घेतला होता. काखेत कळसा होता तो असा.

दुसऱ्या दिवसापासून तिने इतरांनाही विचारून पाहिले. बेकरी चालवणारी बाई पडद्याकडे डोळे बारीक करून म्हणाली, “‘उदास’ नको लिहूस गं. उदास व्हायला सवड लागते. ‘वैतागलेली’ लिही.” ताईने ‘वैतागलेली’ लिहिले, आणि उदासीवर खर्ची पडणारा महिना वाचला; कारण वैतागाचे कारण त्याच बैठकीत सापडले, ते भट्टीत नसून भागीदारात होते. ज्याचे वाक्य वाट चुकले होते तो बसचालक ‘संवाद वाढला आहे’ हे वाचून म्हणाला, “वाढला म्हणजे काय हो? आधी ती ‘हं’ म्हणायची, आता ‘हो’ म्हणते. तेवढंच लिहा, उगाच फुगवू नका.” तेवढेच लिहिले. एका मुलीला कोणी काही लिहिताना दिसले तरी धडकी भरे. तिच्यासमोर ताईने पेनाला हातही लावला नाही, तिची नोंद मागाहून केली. पण बाकीच्यांच्या नोंदी आखूड झाल्या, खऱ्या झाल्या, आणि मुख्य म्हणजे झाल्या.

त्या आठवड्याच्या शेवटी ताई दिवसाउजेडी घरी पोहोचली आणि तिची पिशवी रिकामी होती. सासूबाईंनी पिशवीकडे पाहिले, मग सुनेकडे, आणि हळूच विचारले, “नोकरी गेली का गं?”

“नाही हो, आई. काम संपलं.”

“संपलं म्हणजे?”

“संपलं म्हणजे संपलं. तुमचा गुडघा कसा आहे?”

सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि गुडघ्याचा सगळा इतिहास अथपासून इतिपर्यंत सांगितला. ताईने तो ऐकला, आणि ऐकताना आपल्याला कंटाळा येत नाही हे पाहून तिची तिलाच गंमत वाटली.

पण सुखाला दृष्ट लागायला फार वेळ लागत नाही. निळ्या रजिस्टरातील ताईची पाने कोरी आहेत हे नोंदणी विभागाच्या ध्यानात आले, आणि महिनाअखेरच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावले. मोठे डॉक्टर मनाने वाईट नव्हते. त्यांचा खण कागदांनी असा फुगला होता की तो बंद करण्यासाठी त्यांना बोलता बोलता गुडघ्याने रेटा द्यावा लागे.

“ताई, तुझं लिहून होतं हे ऐकून बरं वाटलं. हेवासुद्धा वाटला,” ते म्हणाले. “पण नोंद बैठकीनंतर करायची हा इथला शिरस्ता आहे. उद्या तपासणीला आलेला माणूस विचारेल, रुग्णाच्या देखत लिहिलेली नोंद निःपक्षपाती कशी?”

“त्यांच्या माघारी लिहिलेली होती का, सर? माघारी मी एका गेलेल्या बाईंशी संवाद वाढवून ठेवला होता. ती चूक मी रीतसर दुरुस्त केली, तुम्हाला कळवलीही.”

“ते खरं. आणि निळं रजिस्टर?”

“ते मी सोडलंय.”

“सोडलंस म्हणजे? असं सोडता येत नाही.” खणाला रेटा बसला. “हे बघ, मला तुला थांबवायचं नाही. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी या पद्धतीच्या मंजुरीवर सही करणार नाही. एका बैठकीला बसू दे मला. ज्याची हरकत नसेल अशा एखाद्याच्या.”

ज्याची हरकत नसेल असा! ताईने मनातल्या मनात कपाळावर हात मारला, आणि तरीही नाव सांगितले ते त्याच एका माणसाचे. आपल्याला थांबवले तर रविवारी भावाला ‘हो’ म्हणायचे, हे तिने खोलीबाहेर पडतानाच ठरवून टाकले.

बुधवारी हरकतसाहेबांनी मोठ्या डॉक्टरांना बसायला परवानगी दिली, ती तीन अटींवर. डॉक्टरांनी मध्ये बोलायचे नाही, कागद खडखडवायचे नाहीत, आणि प्रश्न विचारल्यास उत्तर द्यायचे. बैठक नेहमीसारखी झाली. साहेबांनी सांगितले की सकाळी खुर्चीला निकाल ऐकवल्यावर ते आता थोडे थांबतात, तिने काय हरकत घेतली असती याचा विचार करतात, आणि बऱ्याचदा निकाल फिरवतात. झोप पूर्ण आलेली नाही, पण येण्याच्या वाटेवर आहे. शेवटी ताईने पडदा वळवला. ‘वाटेवर’ या शब्दावर वाद झाला, ‘फिरवतात’वर झाला नाही, आणि नोंद पुरी झाली.

“आता तुम्ही,” हरकतसाहेब डॉक्टरांकडे वळले. “याच मजकुराचं ते निळं रजिस्टर. ते कोणाच्या हुकमाने भरतात?”

“वरून मागतात,” डॉक्टर म्हणाले.

“लेखी आदेश आहे?”

“म्हणजे... असणार.”

“असणार आणि आहे यांत फरक आहे. सुरू कोणी केलं?”

मोठे डॉक्टर आठवू लागले, आणि आठवता आठवता त्यांचे कान लाल झाले. “मीच केलं होतं. संगणक बिघडला होता तेव्हा. तात्पुरतं.”

“संगणक दुरुस्त झाला?”

“झाला.”

“केव्हा?”

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

त्यानंतर हरकतसाहेबांनी आपला अभिप्राय सविस्तर मांडला. तो इतका सविस्तर होता की जिन्यावरची गर्दी दोनदा बदलली. त्याचा सारांश असा: ज्याची गोष्ट आहे त्याच्या देखत, त्याची तयारी असल्यास, ती लिहिण्यात गैर काही नाही, मूळ कारण नाहीसे झाल्यावरही जे रजिस्टर जगते आहे त्याचा दफ्तरी शेवट करावा, आणि डॉक्टरांनी आपल्या रुग्णांबरोबर हाच प्रयोग करून पाहावा, म्हणजे त्यांचा खण मिटेल.

“साहेब, हे न्यायालय नाही,” डॉक्टर हसू आवरत म्हणाले.

“म्हणूनच एकाच दुपारी निकाल लागला.”

डॉक्टरांनी सही केली. जाताना ते निळे रजिस्टर स्वतःच काखेत मारून घेऊन गेले, आणि ते त्यांच्या खणात मावणार नाही हे माहीत असूनही त्यांना कोणी टोकले नाही.

रविवारी सकाळी भाऊ आला तो हातात फरशांचे नमुने घेऊन. त्याने ते रिकाम्या जेवणाच्या टेबलावर मांडले. राखी, मातकट, आणि एक निळी.

“ही निळी नको,” ताई म्हणाली.

“बरं, नको. खुर्ची पुसून ठेवलीय तुझी. आता बोल. हो की नाही?”

सही झाली होती, नोंदी संपत होत्या, तरी भावाचा चेहरा समोर आल्यावर ताईचा निर्धार जरा डळमळला. माणूस सोडून जाणार, दुकान मोठे, आणि हा आपला धाकटा. तिने सावधपणे सुरुवात केली. “हे बघ, याच्याकडे दोन बाजूंनी पाहता येईल. एकीकडे तुझी अडचण मला पूर्ण समजते. दुसरीकडे, या महिन्यात माझ्या कामात काही बदल झालेत, त्यामुळे माझ्या मनात जे...”

“ताई, मी तुझा पेशंट नाही.”

“ऐकून तर घे. म्हणजे तुला असं वाटत असेल, की मी...”

स्वयंपाकघरात भांडी विसळण्याचा आवाज थांबला. सासूबाई ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

“ती येत नाही,” त्या भावाला म्हणाल्या. “तिला तिथं करमतं. तू दुसरा माणूस बघ.”